कुठेतरी नळ उघडा आहे

४ जानेवारी

चि. भुंग्यास,
अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. फोटोत चांगलाच सुटलेला दिसतोस. तुझी बायको खाऊ घालते की तू स्वतःच स्वयंपाकघरात लपून खातोस, हे तिलाच विचारून कळव.

पत्रं लिहायला लावते म्हणून कुरकुरतोस, पण फोनवर बोलायचं तर आई समोरच बसलेली असते. तिच्याबद्दल तिच्यादेखत काय बोलणार? शिवाय मी रिसीव्हर कानाला लावला की कोण बोलतंय, कुणाला जोडून देऊ, असं तिचं सुरू होतं. टेलिफोन एक्स्चेंजमधली नोकरी तिने कधीच सोडली, ती नोकरी मात्र तिला अजून सोडत नाही. शरीराने ठीक आहे. मला बहुतेक वेळा ओळखते. कधी मी तिची मोठी बहीण असते, कधी ऑफिसातली कुणीतरी. रागावते ती मात्र मला मुलगी समजूनच.

मी ऑफिस सोडलं हे तुला माहीत आहेच. आमच्या आर्किटेक्टबाई भल्या, म्हणाल्या की घरून काम कर. इमारत उभी राहायच्या आधीच तिच्यातून फिरून आल्यासारखं चित्रण करायचं, हे माझं काम. पण त्यासाठी कॉम्प्युटरला तासन्‌तास पूर्ण ताकदीने राबावं लागतं. माझ्या जुन्या लॅपटॉपने गेल्या महिन्यात मान टाकली.

म्हणून मी स्वतःच एक कॉम्प्युटर जोडायला घेतलाय. हसू नकोस. दुकानदार आधीच हसून झालाय. प्रोसेसर, मदरबोर्ड, कॅबिनेट, सगळं घरी येऊन पडलंय. गाडी अडलीय ती प्रोसेसर थंड कशाने ठेवायचा, इथे. त्याच्या खोक्यात आलेला छोटा पंखा आहे, पण सगळे म्हणतात की माझ्या कामाला तो पुरणार नाही आणि मिक्सरसारखा ओरडेल. मोठा, उंच, पत्र्यांच्या चळतीसारखा कूलर मिळतो, पण मी पट्टी लावून पाहिलं, कॅबिनेटचं झाकण लागणार नाही. अरुंद कॅबिनेट मुद्दाम घेतलं, कारण त्याला जागा आहे ती माझं टेबल आणि आईची कॉट यांच्यामध्ये. तिसरा पर्याय पाण्याचा. विजेच्या खोक्यात पाणी खेळवायचं म्हटलं की माझ्या अंगावर काटा येतो.

आई कॅबिनेटपासून हातभर अंतरावर झोपते. आवाज नको, एवढीच माझी अट. तू दिवसभर मशिनं थंड ठेवण्याचा पगार घेतोस, तेव्हा सांग काय घेऊ. कॅबिनेटची मापं पत्राच्या मागच्या बाजूला लिहिली आहेत.

आणि कधी येतोस तेही सांग. मागच्या खेपेनंतर वर्ष उलटून गेलं.

कळावे. माया आहे तशीच राहू दे.
तुझी ताई


१९ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून इतका आनंद झाला की बायकोलाही वाचून दाखवलं. ती म्हणाली, बघा, तुमच्या बहिणीने कॉम्प्युटर जोडायला काढलाय आणि तुम्ही घरातला दिवा बदलायला महिना लावता. तेव्हा माझ्या संसारात तू विनाकारण काडी टाकली आहेस, हे लक्षात असू दे.

आता कामाचं. छोटा पंखा विसर. दोन-चार पत्रं टाइप करणाऱ्यासाठी तो ठीक आहे. तुझा प्रोसेसर पूर्ण ताकदीने चालला की काही मिनिटांत नव्वद अंशांच्या पुढे जाईल, मग स्वतःला वाचवायला वेग कमी करेल. म्हणजे वेगासाठी पैसे मोजायचे आणि वेग मिळायचा नाही.

तू पाण्याचाच घे. घाबरू नकोस. सगळं कारखान्यातच बंद करून येतं, आपण त्यात थेंबही ओतायचा नसतो. प्रोसेसरवर एक छोटा पंप बसतो, दोन नळ्यांतून गरम पाणी समोरच्या रेडिएटरमध्ये जातं, तिथे दोन पंखे त्याला गार करतात आणि ते परत येतं. पंखे मोठे, म्हणून सावकाश फिरतात, म्हणून आवाज नाही. आमच्या इथे सर्व्हरच्या अख्ख्या हॉलमध्ये पाण्याचे पाइप फिरवलेत. मी रोज त्यांच्यामधून चालतो आणि रोज कोरडा घरी येतो.

तू विकत घेऊ नकोस, मीच पाठवतो. माझ्याकडून भेट समज. उत्तमातला उत्तम निवडलाय, तुझ्या कॅबिनेटची मापं पाहूनच.

येण्याचं म्हणशील तर सध्या नवीन हॉल सुरू होतोय, रजा मिळणं अवघड दिसतं. उन्हाळ्यात पाहू. आईला नमस्कार सांग. तिला माझं नाव काढलेलं चालत असेल तर.

तुझा लोभ आहे म्हणून इथे बरं चाललंय. तो कमी करू नकोस.
तुझा भुंगा


१० फेब्रुवारी

चि. भुंग्यास,
अ. उ. आशीर्वाद.

पार्सल पोचलं आणि कॉम्प्युटर चालू झाला! हे पत्र टेबलावर लिहितेय आणि शेजारी तो काम करतोय. साठ-पासष्टच्या वर जात नाही. आर्किटेक्टबाईंना पहिलं चित्रण पाठवलं, त्यांनी उलट टपाली पुढचं काम दिलं. शहराबाहेरच्या एका मोठ्या वाचनालयाचं आहे. तू नसतास तर हे जमलं नसतं, एवढं मान्य करते. जास्त फुगू नकोस.

जोडणीची गंमत सांगते. आईला एकटी सोडता येत नाही, म्हणून तिला मदतनीस केलं. बशीत सगळे स्क्रू घेऊन ती शेजारी बसली. मी मागेन तसा एकेक स्क्रू द्यायची आणि दिला की मोठ्याने सांगायची, जोडून दिलाय, बोला. प्रोसेसरवर उष्णता ओढून घेणारी ती राखाडी पेस्ट मी मुगाच्या दाण्याएवढी लावली. आई म्हणाली, एवढीशी कशाला लावतेस, सढळ हाताने लाव. पंपाची पट्टी आवळताना आता काहीतरी मोडणार म्हणून मी डोळे मिटून घेतले. आईने माझ्या पाठीवरून हात फिरवला. पुष्कळ दिवसांनी फिरवला असा.

एकच बारीक तक्रार आहे. सुरू केला की पंपातून बारीक खळखळ ऐकू येते, बाटलीतून पाणी ओतल्यासारखी. थोड्या वेळाने मला ऐकू येईनाशी होते. आईला येते. तिचे कान तुला माहीतच आहेत. इतकी वर्षं हेडफोन लावून खरखरीतून माणसांचे आवाज वेचले तिने. ती उठते आणि म्हणते, कुठेतरी नळ उघडा आहे. मग बाथरूममधला, स्वयंपाकघरातला, सगळे नळ पिळून येते. बसते. पुन्हा उठते.

आपण लहान असताना पाणी सकाळी तासभरच यायचं, तेव्हा ती अशीच कान लावून झोपायची. तेच मनात अडकलंय बहुतेक. काही उपाय असेल तर कळव.

तिला तुझं नाव सांगितलं. ऐकून घेतलं आणि पुन्हा नळ बघायला उठली.

प्रकृती सांभाळून राहा, आणि माझी आठवण काढत जा.
तुझी ताई


२४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

शाबास! तुझ्या पंपात हवा अडकलीय, बाकी काही नाही. रेडिएटर उलटा करून बसव, नळ्या खालच्या बाजूला येतील असा. म्हणजे हवेचा बुडबुडा वर जाऊन रेडिएटरच्या डोक्यात बसेल, पंपात उतरणार नाही. मग कॉम्प्युटर चालू असतानाच कॅबिनेट हलकेच पुढेमागे झुकव, रडणाऱ्या पोराला जोजवतात तसं. खळखळ थांबेल. पंपाचा वेगही थोडा उतरवून ठेव, सेटिंगमध्ये ती सोय आहे. आमच्याकडेही नवीन पाइप भरले की हाच खेळ चालतो.

आईच्या उठाबशा त्यानंतर आपोआप बंद होतील असं वाटतं.

दुसरं एक बोलायचं होतं. रागावणार नसशील तर बोलतो. तुझ्या शहरात वृद्धांसाठी एक चांगली संस्था असल्याचं माझ्या एका सहकाऱ्याने सांगितलं. त्याची मावशी तिथे आहे. चोवीस तास नर्स असतात. माहितीपत्रक सोबत जोडलंय, नुसतं वाचून ठेव. मी ठरवलंय असं नाही. तुझ्या एकटीवर फार पडतं, म्हणून म्हटलं. खर्चाचं माझ्याकडे लागलं.

इथे हॉलचं काम लांबलं आहे, उन्हाळ्यातलं नक्की सांगता येत नाही.

चुकलंमाकलं पोटात घाल, आणि पूर्वीसारखंच हक्काने लिहीत जा.
तुझा भुंगा


१५ मार्च

भुंग्यास आशीर्वाद.

आई पडली. उजवं मनगट मोडलंय आणि कंबरेला जबर मार लागलाय. हाड तिथलं शाबूत आहे, डॉक्टर म्हणतात नशीब. प्लास्टर घालून कालच घरी आणलं. आता झोपलीय. जमेल तेवढं लिहिते.

तू सांगितलंस तसं सगळं केलं. रेडिएटर उलटा बसवला, कॅबिनेट जोजवलं. माझ्या कानांना खळखळ थांबली. तिच्या कानांना नाही थांबली. मी पंप अगदी हळू केला तरी ती म्हणायची की वाहतंय, सारखं वाहतंय, बारीक धार आहे. मी म्हणायची, आई, काही वाहत नाही. असं दिवसातून किती वेळा म्हटलं असेन, आणि दर वेळी आवाज थोडा चढवून. मग ती जिन्यातला सगळ्या इमारतीचा पाण्याचा कॉक बंद करायला लागली. वरच्या मजल्यावरच्या बाई अंगाला साबण लावलेल्या अवस्थेत अडकल्या, येऊन वाटेल ते बोलून गेल्या. मी ऐकून घेतलं.

त्या दिवशी दुपारी वाचनालयाचं चित्रण संगीताशी जुळवत होते. कानात हेडफोन होते. ती माझ्या पाठीमागून गेली, दार उघडून जिना उतरून गेली, आणि मला कळलं नाही. खाली आवारात पाण्याची टाकी आहे ना, तिच्या ओल्या झाकणावर चढायला गेली. तळमजल्यावरच्या शिंप्याने दुकानातून पाहिलं आणि धावला. उचलून आणलं त्याने. मी दार उघडलं तेव्हाही माझ्या गळ्यात हेडफोन लोंबत होते.

दवाखान्यात नर्स हात बघत होती आणि आई तिला सांगत होती, माझं राहू दे, आधी ते पाणी बंद करा, घरात कुणी ऐकत नाही माझं.

तुझा कूलर काढून ठेवलाय. तो खोक्यातला छोटा पंखा बसवला. आता कॉम्प्युटर ओरडतो आणि तापून अर्ध्या वेगाने चालतो, म्हणून तो बहुतेक बंदच असतो. या महिन्याअखेरीस वाचनालयवाल्यांपुढे चित्रण दाखवायचंय, त्यांच्या गावी दहा-बारा दिवस राहून, टप्प्याटप्प्याने. आर्किटेक्टबाई म्हणतात, तूच ये, काम तुझं आहे. मी नाही म्हणून कळवलं. आईला कुणाकडे सोडू?

तुझं माहितीपत्रक वाचलं. बागेचा फोटो छान आहे.

आता माझं ऐक. मागच्या वेळी तिने तुला ओळखलं नाही. घरात परका माणूस शिरलाय म्हणून ओरडून शेजारीपाजारी गोळा केले, आणि तू दोन दिवस आधी परत गेलास. मी तेव्हा काही बोलले नाही. तुला लागलं असेल, मला दिसत होतं. पण तेव्हापासून तू वस्तू पाठवतोस. गादी पाठवलीस, रक्तदाबाचं यंत्र पाठवलंस, कूलर पाठवलास. सगळ्या चांगल्या आहेत. उत्तमातल्या उत्तम आहेत. मला आता वस्तू नकोत, भुंग्या. मला दुपारी एक तास कुणीतरी या खोलीत बसायला हवंय.

जास्त लिहिलं असेल तर असू दे, खोडत नाही.
ताई


२३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं. बायकोने वाचलं आणि माझी बॅग माळ्यावरून काढून ठेवली.

रजा मिळाली. मिळत नव्हती असं नाही, मी मागितलीच नव्हती. सत्तावीस तारखेला पोचतो. आर्किटेक्टबाईंना आजच कळव की तू जातेयस. मी आईपाशी राहतो. मला जमेल का, तिने पुन्हा आरडाओरडा केला तर मी काय करीन, हे मला खरंच माहीत नाही. भीती वाटते. पण येतो.

वस्तू नको म्हणालीस तरी एक आणतोय, रागावू नकोस. हवेचाच कूलर आहे, पण बुटका. तुझ्या पहिल्या पत्रातल्या मापांत बसणारा. तो मी तेव्हाच पाठवायला हवा होता. पाणी मला आवडतं म्हणून मी तुला पाणी पाठवलं, ताई. तुझी खोली डोळ्यांपुढे आणलीच नाही.

भेटल्यावर हवं तेवढं बोल.
भुंगा


३ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आर्किटेक्टबाईंनी दिलेल्या तिथल्या पत्त्यावर हे पत्र पाठवतोय. तू परवा फोन केलास तेव्हा मी हो, ठीक आहे, छान आहे, एवढंच बोललो, कारण आई समोर होती. तू पत्रं का लिहितेस ते मला आता समजलं.

तू घरातून निघेपर्यंत काय झालं ते तू पाहिलंसच. ती भिंतीकडे तोंड करून होती आणि मी स्वयंपाकघरात उभा होतो. तू गेल्यावर अर्धा दिवस मी तिथेच होतो म्हटलं तरी चालेल. मग वाटलं, निदान कूलर तरी बसवावा. हत्यारांची पिशवी घेऊन खोलीत आलो. तिने वळून पाहिलं. ती पिशवी पाहिली आणि म्हणाली, आलात एकदाचे! कधीची तक्रार नोंदवलीय मी. पाण्याचंच बघायला आलात ना?

मी हो म्हणालो. ताई, मी काय करणार होतो?

मग मला खुर्ची दिली तिने. डाव्या हाताने ओढून दिली. मी तुझं कॅबिनेट उघडलं, तो छोटा पंखा काढला, जुनी पेस्ट पुसली, नवी लावली, नवा कूलर बसवला. ती वरून बघत होती, प्लास्टरमधला हात उशीवर ठेवून. तुझ्या प्रोसेसरची ताकद मी थोडी खाली बांधून ठेवलीय. चित्रण तयार व्हायला जरा जास्त वेळ लागेल, पण तो तापणार नाही आणि पंखा कण्हणार नाही. झाकण व्यवस्थित लागलं. तू काढून ठेवलेला पाण्याचा कूलर कपाटात होता, तो आणून मी तिला दाखवला. म्हटलं, हे बघा, यातून येत होता आवाज. तिने तो हातात घेऊन हलवला, कानाशी नेला. आत खरंच पाणी खळखळलं. म्हणाली, मी सांगत होते. मुलगी म्हणते काही नाही, काही नाही.

कॉम्प्युटर चालू केला. तिने मला गप्प राहायची खूण केली आणि कॅबिनेटला कान लावला. एक्स्चेंजमध्ये ती अशीच ऐकत असेल, डोळे मिटून, कपाळावर एक आठी घालून. कितीतरी वेळ ऐकत होती. मग सरळ झाली आणि म्हणाली, बंद झालं. तेव्हापासून ती एकदाही नळ बघायला उठली नाही. दुपारी गाढ झोपते.

संध्याकाळ झाली की म्हणते, आता घरी जा, तुमची माणसं वाट बघत असतील. गेलो नाही तर अस्वस्थ होते. म्हणून मी खरंच जातो. जिना उतरून शिंप्याच्या दुकानात बसतो. तो भला माणूस काही विचारत नाही, स्टूल पुढे करतो. वरच्या मजल्यावरच्या बाई, त्याच साबणवाल्या, तेवढा वेळ जिन्यात बसून आपल्या दारावर नजर ठेवतात. आई झोपली की वरून खूण करतात, मग मी वर येतो. सकाळी तिच्या आधी उठून पिशवी घेऊन दारात उभा राहतो. रोज तिच्याकडे माझ्यासाठी काहीतरी काम असतं. कपाटाची कडी, खिडकीचा बोल्ट. चहा पिताना माझ्या घरच्यांची चौकशी करते. मीही एकदा धीर करून विचारलं, तुम्हाला मुलगा नाही का? म्हणाली, आहे ना, हुशार आहे, लांब असतो. पण लाइन खराब आहे, जोडून दिली तरी आवाज पोचत नाही. मी कपबशी धुवायला उठून गेलो.

मला भरून आलं, मी सुधारलो, असं काही लिहीत नाही. काल तिने माझ्या अंगावर पाण्याचा पेला फेकला, का ते कळलं नाही. प्लास्टरखाली खाज सुटते तेव्हा ती रडते आणि मला ते बघवत नाही. तू हे रोज करतेस. दिवसभरासाठी एक बाई हवी, हे मी धरूनच चाललोय. दोघींना भेटलो, एक बरी वाटली, तू आल्यावर ठरवू. ते माहितीपत्रक मी फाडलेलं नाही, पण आत्ता नको. माझ्या रजेचे अजून पुष्कळ दिवस बाकी आहेत आणि पुढेही दर तीन महिन्यांनी येईन. हे बायकोशी बोलून लिहितोय, उगाच नाही. तुझं काम पूर्ण करून ठरल्या दिवशी ये, आधी येऊ नकोस.

आजचं सांगायचं राहिलं. आज बाहेर फार वारा सुटलाय. नेहमीसारखा निघायला लागलो तर तिने खिडकीतून बाहेर पाहिलं आणि म्हणाली, अशात कुठे जाता, राहा इथेच. तुझी कॉट दाखवली, पांघरूण कुठे आहे ते सांगितलं. दिवा कुठल्या बटनाने जातो तेही सांगितलं. मग तिला डोळा लागला. मी तिच्या पायाशी बसून हे लिहितोय. सकाळी जागी झाल्यावर घरात मला बघून ती घाबरली, तर मी बाहेर जाईन, दार वाजवीन आणि पुन्हा आत येईन.

आमच्या दोघांवर लोभ असू दे.
तुझा भुंगा